डब्यातलं कार्ड

"थुंकी नको गं. थुंकी तर कुणीबी देईल. आतनं काढ, छातीतनं," अक्का म्हणाली.

ती परसात धुण्याच्या दगडापाशी उभी होती, पदर नाकाला लावून. मी मागच्या खोलीच्या पायरीवर उकिडवी बसले होते. हातात झाकणाची पांढरी डबी. तोंड धुतल्याबरोबर, चहाच्या आधी, तीनदा खोल श्वास घ्यायचा, दर वेळी थोडा धरून ठेवायचा आणि मग खाकरायचं. अक्का समोरून माझ्याबरोबर श्वास घेत होती. तीही छाती फुगवून, जशी काही परीक्षा तिचीच होती.

"आला?"

मी मान हलवली.

"दाव." तिनं लांबूनच मान उंच केली. डबीत हिरवट, घट्ट काहीतरी होतं. मला बघवेना. "हां. ह्याला म्हणायचं बेडका. आता दुसरी डबी घे."

"दुसरी कशाला?"

"डॉक्टरांनी दोन सांगितल्यात. एक नेहमीची, एक मोठ्या दवाखान्यात पाठवायची. तुझा ताप हटंना म्हणून."

दुसऱ्या डबीच्या वेळी मला इतका खोकला आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. अक्का दोन पावलं पुढं आली, मग थांबली. तिच्या कडेवर यायला आतमध्ये माझी लेक झोपेतून उठत होती, ते तिला आठवलं असणार. दोन्ही डब्या तिनं पिशवीत उभ्या ठेवल्या, मधे फडकं खुपसलं आणि म्हणाली, "ह्या वेळी निगेटिव्ह आला की पोरगी तुझ्या मांडीवर. मग तू आणि ती. मी सुटले."

आतून पूर्वा रडली. मी उठायच्या आत अक्का वळली होती.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुलोचना. मी लग्न होऊन इचलकरंजीत आले तेव्हा सासू नव्हती. भाकरी पातळ थापायला, मागाच्या खटखटीत झोपायला, नवऱ्याचा राग कुठल्या वेळेला खरा आणि कुठल्या वेळेला भुकेचा हे ओळखायला तिनंच शिकवलं. दोघे भाऊ एकाच शेडमध्ये माग चालवायचे, बारा-बारा तास, पाळीपाळीनं. अक्का अंगणवाडीत मदतनीस होती. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. घरात त्यावर कुणी बोलत नसे. तीही नाही. पूर्वाच्या बारशाला मात्र तिनं पाळण्याची दोरी शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती, आणि बायका हसल्या होत्या, "सुलू, आई कोण गं ह्यातली?"

पूर्वा साडेचार महिन्यांची असताना मला क्षय निघाला. आधी आम्ही पिंजर समजत होतो. कापसाची तूस नाकातोंडात जाते, आमच्याकडं खोकणाऱ्याला कुणी विचारत नाही. मग एके दिवशी मी तिला पाजताना खोकले आणि तिच्या टोपड्यावर लाल ठिपका पडला.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, तोंडाला फडकं बांधा आणि पाजा, बाळाला आपण रोजची गोळी देऊ, काही होत नाही. पण घरी आल्यावर कुणाचा धीर होईना. ह्यांचा नाही, थोरल्या दिरांचा नाही, आणि खरं सांगायचं तर माझासुद्धा नाही. तो ठिपका मला डोळे मिटले तरी दिसायचा. मीच पूर्वाला उचलून अक्काच्या हातात दिलं. मीच म्हणाले, "बेडका साफ येईपर्यंत तुमच्याकडं ठेवा." आणि मीच माझं अंथरूण मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. अक्का म्हणाली होती, "दोन महिन्यांचा तर प्रश्न हाय. सण आल्यागत निघून जातील."

तेव्हा औषधं दिवसाआड असत. प्रत्येक पेशंटच्या नावाचा एक लाल डबा, त्यात सहा महिन्यांची सगळी पाकिटं. डबा पेशंटकडं देत नसत. पेशंट मधेच सोडून देतो म्हणून, दुसऱ्या कुणीतरी समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावायच्या आणि कार्डावर फुली मारायची. अंगणवाडीमुळं ते काम अक्काकडं आलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती सकाळी डबा घेऊन परसात यायची, धुण्याच्या दगडावर तो उघडायची, सात गोळ्या मोजून माझ्या तळहातावर सोडायची.

"गिळ. आ कर. जीभ उचल."

"अक्का, मी काय अंगणवाडीतलं पोर आहे?"

"त्यांच्यापेक्षा वाईट हायस. ती निदान खाऊसाठी तोंड उघडतात."

मग कार्ड काढून फुली मारायची. डबा बंद.

सुरुवातीला दूध यायचं. मी ते न्हाणीत पिळून टाकायचे आणि वर पाणी ओतायचे. तिसऱ्या आठवड्यात यायचं थांबलं. पूर्वाला मी दिवसातून दोनदा बघायचे, परसाच्या ह्या टोकावरून. अक्का दारात उभी राहून तिचा हात धरून हलवायची. "आईला टाटा कर. कर की गं चिमणे." पहिल्यांदा पूर्वा माझ्याकडं झेपावायची. मग नुसती बघायला लागली. मग अक्काच्या कानातल्याशी खेळायला लागली.

दोन महिने झाले तरी ताप जाईना. वजन वाढायच्या ऐवजी उतरलं. बेडका हिरवा आणि घाण वासाचा. आमच्या गल्लीत एकाला असंच झालं होतं, औषधं लागू पडेनात, बिघडलेला टीबी म्हणाले आणि दोन वर्षं इंजेक्शनं घेऊनही तो राहिला नाही. ह्यांनी माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं बंद केलं, त्यावरून मी ओळखलं की तेही तेच धरून बसलेत. म्हणून त्या दोन डब्या गेल्या तेव्हा मी सबंध चार दिवस पायरीवर बसून काढले.

पाचव्या दिवशी अक्का दुपारी परत आली. चप्पल न काढता सरळ परसात.

"काय म्हणाले?"

"पाणी पिऊ दे."

ती पाणी प्यायली. तांब्या पालथा घातला. पुन्हा सरळ केला.

"बेडका अजून खराबच हाय उज्जू. क्षयाचं जंतू हायत त्यात."

मी तोंड पदरात घातलं.

"रडू नको. जादा गोळ्या दिल्यात. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ. मी स्वतः घालते की तोंडात. आणि दोन महिन्यांनी परत तपासायचं."

"आणि पूर्वा?"

"दोन महिने," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता पदरानं तांब्या पुसत होती. "काढलेस तसे आणि काढायचे."

त्या दहा दिवसांत अक्कानं एकही वेळ चुकवली नाही. अंगणवाडीतून मधल्या सुट्टीत धावत यायची, संध्याकाळी भाकऱ्या टाकून यायची. चौथ्या दिवशी माझा ताप उतरला. तो असा उतरला की मला थंडी वाजल्यासारखं झालं, मी कपाळाला पुन्हापुन्हा हात लावून बघत होते. अक्का त्या दिवशी माझ्या दारात बसून रडली. खरंच रडली. म्हणाली, "मला वाटलं होतं तू जातीस." मी तिला म्हणाले, "तुम्ही जाऊ द्याल तर ना." आणि वाटलं, सख्ख्या आईनं एवढं केलं नसतं.

नंतर भूक लागायला लागली. अंडी, शेंगदाणे, नाचणी, जे पुढ्यात येईल ते. बेडका पांढरा झाला, मग कमी झाला, मग सकाळी खाकरूनसुद्धा निघेना. मी परसातलं धुणं धुवायला लागले. पूर्वाचे कपडे मात्र अक्का वेगळे ठेवायची. ती रांगायला लागल्याचं मला ह्यांच्याकडून कळलं.

"तुम्ही तरी अक्काला विचारा की, थोडा वेळ, फडकं बांधून," मी एकदा ह्यांना म्हणाले.

"वहिनीला जास्त कळतं," ते म्हणाले. "उगं घाई करून पोरीला काय झालं तर?"



ऑक्टोबरात चौथ्या महिन्याची तपासणी आली. अक्का म्हणाली होती, "सोमवारी मी नेते." पण मला शनिवारीच पहाटे जाग आली आणि बऱ्याच प्रयत्नांनी थोडा बेडका निघाला. उद्या निघेल न निघेल. अक्का पूर्वाला घेऊन अंगणवाडीत गेलेली. म्हटलं, आपणच जाऊन देऊ. चार महिन्यांत मी गल्लीच्या बाहेर पडले नव्हते. हातात पिशवी घेऊन, तोंडाला रुमाल बांधून मी निघाले. दोनदा बसावं लागलं, पण पोचले. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. संध्याकाळी अक्काला सांगायचं, बघा, तुमची एक फेरी वाचवली.

प्रयोगशाळेच्या खिडकीत मुल्लाणी मॅडम बसायच्या, बेडका तपासणाऱ्या. मी त्यांना नावानं ओळखत होते, कारण अक्का त्यांच्या गोष्टी सांगायची. त्यांनी वही उघडून माझ्या नावावर बोट ठेवलं.

"चौथा महिना ना? तुम्ही स्वतः आलात, बरं वाटलं. नेहमी तुमच्या जाऊबाई येतात. छान दिसताय की. ताप गेला ना तो?"

"गेला."

"जाणारच. दुसऱ्या महिन्याचा निगेटिव्ह होता, हाही निगेटिव्हच येणार. काळजी करू नका."

मी म्हणाले, "दुसऱ्या महिन्याचा खराब होता, मॅडम."

त्यांनी चष्मा वर केला, वही फिरवून माझ्याकडं केली. "हे बघा. वीस ऑगस्ट. क्षयाचे जंतू नाहीत. हां, तुम्ही ते दुसरं म्हणत असाल. तो वेगळा रिपोर्ट होता. क्षयानं फुफ्फुसात पोकळी पडली की तिथं दुसरे साधे जंतूसुद्धा येऊन बसतात. ताप त्यांचा होता. माणसाला वाटतं क्षयाची औषधं फुकट चालली, पण ती त्यांचं काम करत असतात. म्हणून तर मोठ्या दवाखान्यात पाठवून ते जंतू वाढवून बघितले आणि दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. डॉक्टरांनी तुमच्या जाऊबाईंना इथंच समजावलं, अर्धा तास. हुशार आहेत हो. एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली."

"काय विचारलं?"

"हेच, की आता बाळाला जवळ घेतलं तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, अहो, आम्ही तर पहिल्यापासून घ्या म्हणतोय." त्या हसल्या. "केवढी झाली? अंगावर पाजता ना?"

"हो," मी म्हणाले.

का म्हणाले कोण जाणे. मला त्या खिडकीपुढं लाज वाटली. मी मागितलं नसताना त्यांनी एका चिठ्ठीवर दोन्ही रिपोर्टांच्या तारखा लिहून दिल्या. मी ती ब्लाउजमध्ये ठेवली. परत येताना मी कुठं बसले का, आठवत नाही.

घरी आले तर अक्का अंगणवाडीतून परतली होती. परसात, धुण्याच्या दगडावर, पूर्वाला मांडीवर घेऊन नाचणीचं सत्व भरवत होती. मला पुढच्या दारातून येताना बघून तिचा चमचा थांबला.

"कुठं गेलीस?"

"डबी द्यायला."

पूर्वानं चमच्याकडं तोंड उघडलं, मिटलं.

"डबा आणा, अक्का."

"आज शनिवार. आज डोसाचा वार न्हाई."

"आणा."

तिनं पूर्वाला कडेवर घेतलं, आत गेली, एका हातात डबा घेऊन आली. दगडावर ठेवला. मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं तो उघडला. पाकिटांच्या वर, घडी घातलेलं, माझं कार्ड. चार महिन्यांच्या फुल्या, एकही चुकलेली नाही. आणि ऑगस्टच्या रकान्याशेजारी, अक्काच्या त्या गोल, अंगणवाडीतल्या तक्त्यांसारख्या अक्षरात लिहिलं होतं: बेडका तपासला, क्षयाचे जंतू नाहीत. खाली: दुसऱ्या जंतूंसाठी गोळ्या दहा दिवस, पूर्ण दिल्या.

मी दोनदा वाचलं. मुल्लाणी मॅडमची चिठ्ठी काढायची गरजच पडली नाही.

"कार्डावर खोटं लिवायला हात धजला न्हाई," अक्का म्हणाली. "तुझ्यासमोरच तर उघडत होते की डबा. आठवड्यातनं तीनदा. बारावी शिकल्यालीस तू. एकदा जरी हातात घेऊन वाचलं असतंस..."

"मी तुमच्याकडं बघत होते, अक्का. डब्याकडं नाही."

ती खाली बसली. पूर्वाला असं घट्ट धरून, की पूर्वा कुरकुरली.

"पहिल्या दिवशी सांगणारच होते," ती म्हणाली. "दवाखान्यातनं येताना वाटेत ठरवलंबी होतं कसं सांगायचं. घरात शिरले तर ही पाळण्यातनं माझ्याकडं बघून हसली. मग म्हटलं, ताप उतरू दे. ताप उतरला. मग म्हटलं, दसरा होऊ दे. सोमवारी डबी देऊन आले असते ना, मग सांगणार होते. देवाशप्पथ."

"दोन महिने झाले, अक्का."

"तुला औषधाला कमी केलं का मी? एक गोळी चुकवली का? सांग की."

"नाही," मी म्हणाले. तेच तर मला सहन होत नव्हतं. तिनं मला मरू दिलं असतं तर निदान तिचा राग करायला सोपं गेलं असतं. "पूर्वाला द्या."

तिनं दिली नाही. मी पुढं होऊन घेतली.

पूर्वा ताठ झाली. माझ्या तोंडाकडं बघितलं, ओठ काढला आणि जी रडायला लागली ती अक्काकडं हात पसरून, पाठ मागं टाकून. मी तिला छातीशी धरलं, थोपटलं, तिचं नाव घेतलं, पण तिनं माझं काही ऐकलं नाही. नऊ महिन्यांच्या पोरीत एवढं बळ असतं हे मला माहीत नव्हतं. ती माझ्या हातातून निसटायला बघत होती.

अक्का उठून उभी राहिली होती. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"उजव्या खांद्यावर घे," ती हळू म्हणाली. "डाव्यावर ऱ्हात न्हाई ती."

मी उजव्या खांद्यावर घेतलं. थोड्या वेळानं पूर्वा हुंदके देत देत थांबली. माझी लेक कुठल्या खांद्यावर राहते, हे मला तिला विचारावं लागणार होतं, आणि विचारायच्या आधी तिनं सांगितलं. मी पत्र्याच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर डब्याचं झाकण लागलं.

मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना म्हणाले, बेडका साफ आला. ते म्हणाले, "बघ, मी म्हणलं नव्हतं, वहिनीला कळतं." मी हो म्हणाले.

डोस अजून दोन महिन्यांचे राहिले होते. सोमवारी सकाळी अक्का डबा घेऊन परसात आली. मला वाटलं होतं, येणार नाही. पाण्याचा तांब्या भरला, गोळ्या काढल्या, हात पुढं केला. मी गोळ्या घेतल्या नाहीत. आधी कार्ड मागितलं. पहिल्या ओळीपासून वाचलं, माझं नाव, वय, पत्ता, जूनची पहिली फुली, सगळं. ती गोळ्या मुठीत धरून उभी राहिली. वाचून झाल्यावर मी कार्ड परत दिलं, गोळ्या गिळल्या, आ केलं, जीभ उचलली. तिनं फुली मारली.

बुधवारी तेच. शुक्रवारी तेच. शेवटच्या डोसापर्यंत एकदाही मी वाचल्याशिवाय गोळी घेतली नाही, आणि तिनं एकदाही, घाई कर, पोरं अंगणवाडीत आली असतील, असं म्हटलं नाही. गोळ्या तिच्या मुठीत घामानं ओल्या व्हायच्या, तिच्या तळहाताला लाल रंग लागायचा. आम्ही त्या दोन महिन्यांत त्याच्यापलीकडं फारसं काही बोललो नाही.

पूर्वा आता चौथीत आहे. शाळेतून आली की दप्तर माझ्याकडं टाकते आणि पहिल्यांदा पलीकडं अक्काच्या खोलीत जाते. मोठीआई म्हणते तिला. अक्का तिची वेणी घालते, तिला अंगणवाडीतली गाणी शिकवते, आणि दिवा लागायच्या आधी न सांगता स्वतः आणून सोडते. रोज. मी बोलवायला जायची वेळ तिनं कधी आणली नाही.

गेल्या महिन्यात मला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी सगळी गल्ली बघून गेली. अक्का शेवटी आली. उंबऱ्याशी उभी राहिली, हात पदराखाली. म्हणाली, "नाक भावजींवर गेलंय." आणि मग नुसतीच उभी. घे म्हटल्याशिवाय ती घेणार नव्हती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी म्हणाले, "बसा, अक्का." ती भिंतीला टेकून बसली, पाय पसरले, मांडीवर पदर सारखा केला. केसांत थोडं पांढरं आलंय तिच्या. मी उठून बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्याच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला आणि मान खाली घातली.

गॅसवर चहा उकळत होता. मला वास येत होता. तो उतू जाऊन गॅस विझला, तरी मी जागची उठले नाही.